दोनशे आठच्या खाली नाही

"मार्केट म्हंजे कोण, डाक्टरसाहेब? माझा चुलता हाय का? त्याच्या मर्जीनं कशापायी घ्यायचं? तुम्ही भाव बोला."

मन्मथअप्पा स्वामी फोनवर हे बोलायचे तेव्हा लातूरच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसातून आवाज खालच्या चहावाल्यापर्यंत जायचा. पलीकडचे डॉक्टर घाईत असायचे, 'मार्केटला घ्या', म्हणजे मिळेल त्या भावाला, एवढंच सांगायचे. समोर पेशंट बसलेला, शेअर वर चाललेला, आणि हा म्हातारा भाव विचारत बसलेला. शेवटी डॉक्टर वैतागून एक आकडा सांगायचे. अप्पा तो परत म्हणून दाखवायचे: काय घ्यायचं, किती घ्यायचं, जास्तीत जास्त कितीला. पलीकडून "हो, हो, बाबा" आलं की मगच त्यांचं बोट खाली जायचं. तेही मधलं बोट. उजव्या हाताची तर्जनी वाकत नसे. तरुणपणी पोतं उचलण्याच्या हुकात सापडली होती.

अप्पा आमच्या ऑफिसात डीलर होते. शेअर दलालाचं छोटं ऑफिस, भिंतीला चार स्क्रीन, गिऱ्हाइकांना बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या. आता जो तो मोबाइलवर शेअर घेतो-विकतो, पण ज्यांना ते जमत नाही किंवा ज्यांची हिंमत होत नाही, ते अजून फोन करतात. त्यांनी सांगितलेली ऑर्डर टर्मिनलवर टाकणं हे डीलरचं काम. त्याआधी अप्पांनी मार्केट यार्डात एका अडतीवर पंचवीस-तीस वर्षं सौदे पुकारले होते. तूर, हरभरा, सोयाबीन. ढिगासमोर उभं राहायचं, खरेदीदारांच्या तोंडून भाव वर न्यायचा, आणि शेवटचा आकडा आला की मालकाकडे बघायचं. मालकानं मान हलवली तर सौदा. नाही हलवली तर ढीग तसाच. "कम्पुटरमधी ती मान न्हाई," अप्पा म्हणायचे. "बटन दाबलं की माल गेला. म्हणून मी आधी मान हलवून घेतो."

मी तिथं नोकरीला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मला पाठ होती. माझे वडील नांदेडला शिक्षक, आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढणारे. आमच्या घरी पाहुण्याला बसायला जागा नसायची, पण पत्रकांच्या गठ्ठ्यांना असायची. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. 'जागे व्हा' हे मी 'कमळ बघ'च्या आधी वाचलं असेल. शेअर बाजार हा शोषणाचा अड्डा आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. तरीही डीलरची परीक्षा देऊन तिथं लागले, कारण पगार वेळेवर मिळत होता. घरी सांगताना मी म्हटलं होतं, शत्रूच्या छावणीत जाऊन पाहते.

पहिल्या दिवशी अप्पांनी विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

"मूळची बिलोलीची. वाघमारे." आणि त्यांनी पुढचं विचारायच्या आत मीच सांगून टाकलं, "बौद्ध."

कपाळावरचं भस्म पुसट झालेलं, चष्मा नाकावर. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"मी जंगम," ते म्हणाले. "आता दोघांचं सांगून झालं. परीक्षा पास झाला का, ते सांगा."

मी भांडायची तयारी करून आले होते. ती वाया गेली म्हणून मला त्यांचा राग आला. हे आज लिहिताना सोपं वाटतं. तेव्हा मला तो राग तत्त्वाचा वाटला होता.

ते मला "वाघमारे मॅडम" म्हणायचे, खुशीत असले की "माय". शिकवायची त्यांची पद्धत यार्डातली होती. स्क्रीनवर प्रत्येक शेअरखाली पाच ओळी दिसतात. डावीकडे घेणारे, उजवीकडे विकणारे. अप्पा वाकड्या बोटानं त्या ओळींवर टिचकी मारायचे. "हे पाच गडी वळीनं उभे हायत. पहिला म्हणतो, शंभर घेतो, दोनशे बाराला. दुसरा म्हणतो, ऐंशी घेतो, दोनशे नऊला. तिसरा दोनशेला. आता तुम्ही दोन हजार घेऊन भाव न बोलता घुसलात, तर काय हुईल? पयल्याचं पोट शंभरात भरलं. मग दुसरा. मग तिसरा. जितकं आत जाल तितका भाव खाली. आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत."

"मग लोक भाव न सांगता ऑर्डर का टाकतात?"

"घाई. भाव आपोआप हलत नसतो माय. माणूस हलतो. जो जास्ती घाईत, तो हलवतो."

बाजार कोसळला तो एक दिवस मला आठवतो. चाळीस-पन्नास माणसं ऑफिसात शिरली होती. आमचे शेठ स्वतः ओरडत होते, "अप्पा, उरका!" एक किराणा दुकानदार टेबलावर वाकून घामाघूम झाला होता.

"अप्पा, विका हो माझे!"

"कितीला?"

"काहीबी करा, विका!"

"काहीबी हा आकडा किबोर्डवर न्हाई, साहेब."

त्याही गर्दीत दोघं-तिघं हसले. दुकानदारानं आकडा सांगितला. तो भाव आला नाही. ऑर्डर दिवसभर तशीच लटकून राहिली, आणि दुसऱ्या दिवशी शेअर आणखी खाली उघडला. त्यानंतर महिनाभर तो माणूस येता-जाता अप्पांना शिव्या देत होता. अप्पांनी एकदाच उत्तर दिलं. "तुम्ही बोललेला भाव आला न्हाई. माझ्या मनानं मी दुसरा बोलू का?" त्यांच्या पद्धतीनं लोकांचं नेहमी भलंच व्हायचं असं नाही, हे मला सांगायलाच हवं. पण झालेला प्रत्येक सौदा गिऱ्हाइकाच्या तोंडून निघालेला असायचा. अप्पांच्या नावावर लातुरात तेवढंच होतं. शेतजमीन भावांकडे गेलेली, घर भाड्याचं. यार्डात आणि यार्डाबाहेर लोक म्हणायचे, अप्पांनी सांगितला तो भाव, बघायची गरज नाही.

एका सकाळी सुमनबाई आल्या. जिल्ह्याच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. त्यांच्या यजमानांनी एका छोट्या कंपनीचे शेअर वर्षानुवर्षं थोडे थोडे करून जमवले होते. दोन हजार. यजमान गेले, नात नर्सिंगला लागली, तिच्या कॉलेजासाठी ते विकायचे होते.

"सिस्टर, कुठपर्यंत विकू?" अप्पांनी विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही बघा."

"न्हाई. माल तुमचा हाय. तुम्ही बोला."

"अहो, मी आयुष्यभर इंजेक्शनं दिली. मला भाव विचारता?"

"इंजेक्शन देताना किती द्यायचं ते विचारल्याबिगर देत होता का?"

सिस्टर हसल्या. स्क्रीनकडे बघत राहिल्या. दोनशे बारा चालला होता. "दोनशे आठ," त्या शेवटी म्हणाल्या. "त्याच्या खाली नको. यांनी एवढे जपलेत." अप्पांनी तीनदा म्हणून दाखवलं. सिस्टरनी तीनदा मान हलवली आणि सही करून गेल्या.

त्या कंपनीचे शेअर दिवसाला मोजकेच विकले जायचे. म्हणून अप्पा शंभर-शंभर करून काढत होते. दुपारपर्यंत दोनशे गेले. दीड वाजता ते रोज घरी जायचे. अंघोळ, पूजा, जेवण. त्यांच्या गैरहजेरीत माझ्या नावानं टर्मिनल चालायला हवं होतं, पण माझा आयडी अजून मुंबईहून आला नव्हता. अप्पा स्वतःचा चालू ठेवून जायचे. नियमाला धरून नव्हतं. माझ्यावर विश्वास ठेवून होतं.

"वाघमारे मॅडम, सिस्टरचे अठराशे ऱ्हायले. दोनशे आठच्या खाली न्हाई. शंभर-शंभर."

"हाव, अप्पा."

टेबलाखाली माझ्या मांडीवर वही होती. मी शेअर बाजारावर एक पत्रक लिहीत होते. वडिलांना संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं, नांदेडचा छापखाना त्याच्यासाठी थांबला होता. शेवटचा परिच्छेद जुळत नव्हता. अठरा वेळा खिडकी उघडायची, अठरा वेळा भाव टाकायचा, वाट बघायची. मला ते म्हाताऱ्याचं सोवळं वाटलं. मी विक्रीची खिडकी उघडली, संख्येच्या जागी अठराशे टाकले, भावाची जागा रिकामी सोडली आणि दाबलं. भावाची जागा रिकामी याचा अर्थ एकच असतो: मिळेल त्या भावाला. मला तो अर्थ माहीत होता. माझ्या उत्तरपत्रिकेत तो बरोबर लिहिलेला होता.

पहिले काही दोनशे अकराला गेले. मग दोनशे. मग एकशे नव्वद. शेवटचे एकशे एकाहत्तरला. मी पापणी उचलेपर्यंत अठराशे संपले होते. पंधरा मिनिटांनी तोच शेअर परत दोनशे दहावर येऊन उभा राहिला, काही झालंच नाही असा.

अप्पा परतले, स्क्रीनसमोर बसले. सौद्यांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग माझ्याकडे बघितलं नाही, शेठच्या केबिनकडेही नाही. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "हे कसं झालं?"

ऑफिसात तेव्हा आम्ही दोघंच होतो. मी म्हणाले, "मला नाही माहीत, अप्पा. मी जरा खाली गेले होते."

सत्यावर मी तोवर निदान दहा पत्रकं लिहिली होती.

शेठला कळलं. नोंद अप्पांच्या आयडीवर. अप्पा म्हणाले, "चूक माझ्याकडून झाली." लिहूनही दिलं. माझं नाव त्यांनी घेतलं असतं तर माझं प्रमाणपत्र गेलं असतं, नोकरीही. त्यांनी घेतलं नाही. सिस्टरचं जे कमी पडलं ते भरायला त्यांनी स्वतःचे शेअर काढले. त्यांच्याकडे एका बँकेचे थोडे होते, बायकोसाठी म्हणून घेतलेले. ते विकताना मी शेजारी बसले होते. ते स्वतःच्या ऑर्डरलाही सोडत नव्हते. पुटपुटायचे, "स्वामी, कितीला?" आणि मग स्वतःच आकडा सांगायचे. तीन दिवस लागले. एरवी हे बघून मी हसले असते.

आता जे सांगायचं ते सांगताना मला खाली बघावंसं वाटतं. मी ते पत्रक त्या संध्याकाळी पूर्ण केलं. शेवटचा परिच्छेद आता जुळला होता. मी लिहिलं, की लातुरात एका निवृत्त परिचारिकेच्या आयुष्यभराच्या ठेव्याची, बाजाराचा जाणकार म्हणवणाऱ्या, टर्मिनलवर बसलेल्या एका माणसानं पापणी लवायच्या आत माती केली. हीच ती व्यवस्था. पापणीची उपमासुद्धा अप्पांची. मी स्वतःला समजावलं की मी व्यवस्थेवर लिहितेय, व्यक्तीवर नाही. त्या वाक्यातल्या व्यवस्थेला भस्म होतं, चष्मा होता आणि न वाकणारं बोट होतं. छापायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत अप्पांनी स्वतःचे शेअर विकून सिस्टरचं भरून दिलं. छापखाना थांबवायला एक फोन पुरला असता. मी केला नाही. वडिलांनी फोन करून सांगितलं, "बाई, आजवरचं तुझं सगळ्यात जबरी पत्रक!" आणि मला आनंद झाला.

मी ते लातूरच्या बसस्टँडवर स्वतः वाटलं. लोकांनी हात पुढे करून घेतलं. दोन दिवसांत ते यार्डात पोचलं. नाव नव्हतं, पण टर्मिनलवर बसणारा जाणकार लातुरात किती जणांना ओळखू येणार नाही? यार्डातले जुने लोक अप्पांना बघून बोलणं थांबवू लागले. ज्या डॉक्टरांना ते भाव विचारायचे, त्यांनी खातं दुसरीकडे हलवलं. शेठनी पत्रक अप्पांपुढे टाकलं.

अप्पांनी ते उभ्यानं, सावकाश वाचलं. मी शेजारच्या खुर्चीवर होते. वाचून झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

"लिहिणारानं चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. "पण शेवटचा सौदा एकशे एकसष्टला झाला असं छापलंय. एकाहत्तरला झालता. छापायच्या आधी तपासून घ्यायला पायजे."

त्यांनी ते घडी करून शेठच्या टेबलावर ठेवलं. महिनाअखेरीस त्यांना यायला नको म्हणून सांगण्यात आलं. जाताना त्यांनी आपला चष्म्याचा डबा, एक टॉवेल आणि पाण्याची बाटली पिशवीत घातली. मला म्हणाले, "येतो, मॅडम." माय म्हणाले नाहीत.

मी आणखी चार महिने तिथं होते. मग नांदेडला परतले, लिहीत राहिले, सभांमधून बोलत राहिले. लोक म्हणायचे, ही मुलगी कुणाला भीत नाही. दोन वर्षं हे ऐकून घेतलं. मग एकदा एका सभेत मी प्रामाणिकपणावर बोलत होते आणि मधेच मला पुढचं वाक्य आठवेना. माईक धरून उभी राहिले. लोकांना वाटलं, गहिवरले. टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिरूर अनंतपाळची बस धरली. अप्पा तिथं पुतण्याकडे राहत होते.

ते अंगणात खाटेवर बसून शेंगा सोलत होते. वाळले होते. मला ओळखलं, पाणी मागवलं.

मी उभ्यानंच सांगितलं. "अप्पा, त्या दिवशी मी होते. अठराशे मी दाबले. पत्रकही मीच लिहिलं."

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. वर येताना चहावाला म्हणला होता, तुमच्या मॅडम आज खाली दिसल्या न्हाईत, चहा वर पाठवू का. आन् तुम्ही म्हणला, खाली गेले होते."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

शेंगा सोलणं त्यांनी थांबवलं नाही. "तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होतो. आठ दिवस बघितली. मग पत्रक आलं."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. समजूत घातली नाही, की झालं गेलं असं म्हणाले नाहीत. मी तीच अपेक्षा धरून गेले होते, हे मला तेव्हा कळलं. शेवटी मी म्हणाले, "अप्पा, मी काय करू?"

"लोकं अजून म्हणतेत, अप्पानं सिस्टरचा माल मातीत घातला. पुतण्याच्या पोरीची सोयरीक जुळवायला गेलं तर पाहुणे विचारतेत, तेच का ते स्वामी? तुम्हाला छापता येतं ना?"

"हाव."

"मग छापा. तेवढंच. आणि जिथं वाटलं होतं तिथंच वाटा. तुमच्या हातानं."

आठ दिवसांनी मी लातूरच्या बसस्टँडवर उभी होते. या खेपेला पत्रक छोटं होतं. काय घडलं ते, सिस्टरनी सांगितलेला भाव, अप्पांनी दिलेली सूचना, मी काय केलं ते, आणि खाली माझं पूर्ण नाव. वडिलांनी ते वाचून एकच विचारलं होतं, "हे छापायलाच पाहिजे का?" सिस्टरला प्रत घेऊन गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "माझं मला मिळालं. तुझं काय ते तू बघ."

पहिलं पत्रक लोकांनी हात पुढे करून घेतलं होतं. हे कुणी घेईना. कुणाला तरी लुटणाऱ्याची बातमी हवी असते, स्वतःची चूक कबूल करणाऱ्या पोरीची कुणाला हवी? घेतलं त्यांनी चार पावलांवर टाकलं. काहींनी त्यात भजी बांधून घेतली. तासाभरात माझ्या पायाखाली, गाड्यांच्या चाकांखाली अप्पांचं नाव पसरलं होतं.

तेवढ्यात शिरूरच्या गाडीतून अप्पा उतरले. मी त्यांना बोलावलं नव्हतं. ते आल्या-आल्या वाकले आणि पडलेली पत्रकं गोळा करायला लागले. एकेक उचलून धोतरावर पुसायचे. मी धावत गेले.

"अप्पा, राहू द्या, मी उचलते."

"निम्मी इकडं द्या," ते म्हणाले. "यार्डात मी जातो. तिथं तुम्हाला कोण वळखतं?"

मी गठ्ठा दिला. त्यांनी तो बगलेत मारला आणि चालू लागले. फाटकाजवळ एक रिक्षावाला उभा होता. अप्पांनी त्याच्या हातात पत्रक ठेवलं. तो न बघता घडी करून खिशात घालू लागला, तर अप्पांनी त्याचं मनगट धरलं.

"खिशात न्हाई. हितंच वाच. मोठ्यानं."

"अहो अप्पा, गिऱ्हाईक हाय..."

"गिऱ्हाईकालाबी ऐकू दे. सगळं वाच, खालचं नावसुद्धा."

रिक्षावाला अडखळत वाचत होता. गिऱ्हाईक, एक बाई, डोकं बाहेर काढून ऐकत होती. अप्पा रिक्षाच्या दांड्याला धरून, मान खाली घालून उभे होते. वाचत वाचत तो शेवटच्या ओळीवर आला.

"संघमित्रा वाघमारे," त्यानं वाचलं आणि विचारलं, "ही कोण?"

अप्पांनी मान वर केली, गर्दीतून माझ्याकडे बोट दाखवलं, आणि पुढच्या रिक्षाकडे गेले.